वीस वाटांचं पाणी

जुळे सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय पूनम,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका घरात राहणाऱ्या सुनेला सासऱ्यानं पत्र कशाला लिहायचं, असं पाकीट हातात घेताना तुला वाटेल. फोन मी करून बघितला. तू उचललास, मी "जेवण झालं का, आईचे गुडघे कसे आहेत" एवढं विचारलं, तू "हो मामा, बरं मामा" म्हणालीस. मी मूळ गोष्टीकडे वळणार तेवढ्यात तू म्हणालीस, "जाऊ द्या हो मामा." आणि मी जाऊ दिलं. तू मला सोडवतेस आणि मी सुटतो, सगळं यातच झालंय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

घरचं तसं ठीक आहे. परवा नळाला पाणी आलं, पाच दिवसांनी. तू असलीस की मोटर लावून तूच गच्चीवर पळायचीस आणि टाकी भरली की वरूनच "मामा, बंद करा" म्हणून ओरडायचीस. या वेळी मी मोटर लावली आणि पेपर वाचत बसलो. टाकी वाहून अर्ध्या गल्लीत पाणी गेलं. तुझ्या सासूबाईंनी दारात उभं राहून सुनावलं, "जलमभर पान्याचाच धंदा केला म्हनं, आन घरची टाकी भरलेली कळंना!" शेजारच्या निंगव्वा खिडकीतून हसल्या, मीही हसलो. युवराज हसला नाही. तो बोलतच नाही माझ्याशी. वर्कशॉपला आम्ही एकाच गाडीवरून जातो. मी त्याच्या पाठीशी बोलतो आणि तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहतो. गिऱ्हाईक आलं तर तेवढ्यापुरतं "आप्पा" म्हणतो. त्याच्यावर रागावू नकोस, मीही रागावलेलो नाही.

तुला माहेरी श्रीपूरला जाऊन महिना होत आला. आईचे गुडघे दुखतात हे खरं, पण तू तेवढ्यासाठी गेलेली नाहीस हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिकडच्या पॉलिटेक्निकमध्ये तुला शिकवायला बोलावलंय आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस, हे युवराजनं त्याच्या आईला सांगितलं, तिनं मला. "कॉइलचं काम आता नको" असंही तू म्हणालीस म्हणे. शिकवणं वाईट नाही. तू शिकवशील तर पोरांचं भलंच होईल. पण आवडतं म्हणून जाणं निराळं आणि इथं नाव गेलं म्हणून जाणं निराळं. नाव गेलंय, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. बसवेश डॉक्टरांच्या हॉस्पिटलची मागची नवी इमारत उभी राहतेय. तिथल्या एसीच्या सगळ्या कॉइल आपल्याला करायला सांगितल्यात, पण शिवानंद, तो देखभाल बघणारा, निरोप घेऊन आला तेव्हा जाता जाता म्हणाला, "अण्णा, डिझाइन मात्र तुमच्या हातचं हवं. सूनबाईंचं नको, असं साहेबांनी सांगितलंय." मी "बरं" म्हणालो. पूनम, मी "बरं" म्हणालो.

आता जे लिहितोय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी लिहितो, कारण ते मला खरोखर समजलंय की नाही हे तू तपासावंस.

लग्नानंतर तू पहिल्यांदा अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपमध्ये आलीस तो दिवस आठवतो. तांब्याच्या नळ्या, त्यावर ओवलेले अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, एका बाजूला नळ्यांची उघडी तोंडं. तू विचारलंस, "मामा, या नळ्या एकमेकींना कशा जोडायच्या ते कोण ठरवतं?" मी छाती काढून म्हणालो, "मी." "कशावरून?" "अंदाजानं." मग चिलरवरून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रावरून, आलेलं थंड पाणी कॉइलमधून जाताना त्याचा किती दाब खर्ची पडतो ते कसं काढता, असं तू विचारलंस. मी म्हणालो, ते पंपवाले बघतात. तू तिथंच विषय सोडलास. गडी माणसं बघत होती, आणि तू नवी नवरी होतीस.

नंतर, दोघंच असताना, तू मला उसाच्या गाड्यांवरून समजावलंस. तुझे वडील साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होते, तू लहानपणी सगळा सीझन तिथंच खेळत असायचीस. तू म्हणालीस, "मामा, ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत जायला वीस वाटा आहेत असं धरा. वीस गाड्या एका वेळी आत शिरतात, निवांत चालतात. आता त्यातल्या दहा वाटा बंद करा, आणि उरलेल्या दहांना वळसा घालून दुप्पट लांब करा. ऊस मात्र तेवढाच पोचला पाहिजे. मग प्रत्येक गाडी दुप्पट पळवायला लागणार. बैल दुप्पट पळवला की त्याला दुप्पट नाही, चौपट दम लागतो. वर वाट दुप्पट लांब. चार दुणे आठ. पाण्यात थोडं कमी भरतं, सात धरा. बैल म्हणजे आपला पंप." मला इतकं आवडलं ते. पुढं ते मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागलो. सांगताना "आमच्या सूनबाई म्हणतात" असं मी एकदाही म्हणालो नाही. तू टेबलाशी बसून ऐकायचीस आणि खाली मान घालून हसायचीस. मला वाटायचं, कौतुकानं हसते.

मी आत आलो की तू खुर्चीवरून उठायचीस, ओढणी डोक्यावर घ्यायचीस. मी चारचौघांत म्हणायचो, "अगं, वर्कशॉपमध्ये हे कशाला?" लोक म्हणायचे, बघा, इंजिनिअर असून कशी वागते. मला ते ऐकायला आवडायचं. तू खरंच उठायचं सोडलं असतंस तर मला लागलं असतं, हे मी आता स्वतःशी कबूल करतो.

बसवेश डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरची कॉइल गळायला लागली तेव्हा ती बनवणारी मूळ कंपनी बंद पडलेली. मापं घ्यायला आपण दोघं गेलो. उंची, रुंदी, जाडी मी टेपनं घेतली. पंप गच्चीवर होता. तू चढून गेलीस, मी खाली शिवानंदबरोबर चहा घेत थांबलो. तू खाली येऊन म्हणालीस, "मामा, वीजबिल वाचवायला यांनी मागच्या वर्षी पंप बदललाय. नवा लहान आहे, त्याच्यात जास्तीचा जोर फारसा शिल्लक नाही." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. हॉस्पिटलला पंप लहान असेल कसा?

मग तो दिवस. कॉइल टेबलावर आडवी होती. कुठली नळी कुठल्या नळीला जोडायची याच्या रेघा आपण कडेच्या पत्र्यावर खडूनं मारतो, त्या तू मारून ठेवल्या होत्यास. वीस नळ्या उभ्या, वीसही तोंडांना पाणी, वीस वाटा. शिवानंद काम बघायला आला होता. त्यानं रेघांकडे बघून सहज विचारलं, "काय अण्णा, आता सगळं सूनबाईच बघतात वाटतं? तुम्ही रिटायर?" गडी हसले. तेवढंच झालं, पूनम. बाकी काही कारण नव्हतं. मी पुढं झालो आणि तुझ्या रेघा तळहातानं पुसल्या. फडकं शेजारीच होतं, तरी तळहातानं. आणि दहा वाटांच्या रेघा मारल्या. म्हणालो, पाणी नळीतून जोरात गेलं की थंडावा चांगला देतं, आयुष्यभर अशाच केल्यात. पाणी जोरात गेलं की थंडावा चांगला मिळतो, हे खोटं नाही. पण ते जोरात जाणार कुणाच्या जिवावर, हा प्रश्न होता, आणि तो तू विचारलास.

तू विचारलंस, "मामा, पंपाला जड जाईल का?" मी रेघा मारत राहिलो. तू म्हणालीस, "एकदा आकडा काढून बघू या का?" मी शिवानंदकडे बघून हसलो. तू तिसऱ्यांदा म्हणालीस, "मामा, सातपट होईल असं वाटतं, नाही का?" तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पूनम पुस्तकातलं पाणी मोजते, मी नळातलं." केवढा हशा झाला. शिवानंदनं तर टाळी दिली. तूही हसलीस. ओढणी सारखी केलीस आणि तुझ्या टेबलाशी जाऊन बसलीस.

गेला महिनाभर हे प्रश्न मला छळतायत. तुला उत्तर माहीत होतं. तू विचारत नव्हतीस, सांगत होतीस. पण आपल्या घरात सुनेनं सासऱ्याला "नाही" म्हणायचं नसतं, "का" लावून विचारायचं असतं. माझ्या आईनं माझ्या आजोबांना असंच विचारलं, तुझ्या सासूबाईंनी, मायाक्कानं, माझ्या वडिलांना असंच विचारलं. "मेंढरं आज वरच्या रानात न्यायची का?" म्हणजे खालच्या रानात नेऊ नका. आमच्या वडिलांना ते कळायचं, ते वरच्या रानात न्यायचे. मला नाही कळलं. की कळलं आणि मी कळून घेतलं नाही? गणिताचं उत्तर तुला प्रश्न करून द्यावं लागलं, तेही तीनदा, आणि मी त्याला प्रश्न समजून बाजूला सारलं.

पुढचं तुझ्या डोळ्यासमोरच घडलं. कॉइल बसली, हवा सुरू झाली, थिएटर थंड होईना. पाण्यानं आपली सोय बघितली. या कॉइलमध्ये अडचण आहे म्हटल्यावर ते वरच्या मजल्याकडे वळलं. वर हिशेबाची माणसं स्वेटर घालून बसली आणि खाली सर्जनच्या कपाळावरचा घाम नर्स पुसत होती. भिंतींना ओल धरली. ऑपरेशनं पुढं ढकलली. बजाबाई नावाच्या एका म्हातारीला खुब्याच्या ऑपरेशनसाठी आत नेलेलं, ते परत बाहेर आणलं. मी व्हरांड्यात उभा होतो. स्ट्रेचरवरून तिनं मलाच विचारलं, "झालं व्हय, बाबा?" मला डॉक्टर समजली असेल. मी म्हणालो, "अजून थोडा उशीर आहे, आजी." ती म्हणाली, "असू दे. मशिनीचं काय सांगता येतंय?" तिनं यंत्राला दोष दिला. मी तिथून निघून आलो.

मग डॉक्टरांच्या खोलीतली ती बैठक. डॉक्टर, शिवानंद, चिलरवाला, आपण तिघं. चहा आला होता. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आतल्या नळ्यांची जोडणी बदलली असं चिलरवाले म्हणतात. हे कुणी ठरवलं?" माझ्या हातातली बशी वाजायला लागली. फार नाही, पण शेजारच्याला ऐकू येईल एवढी. शेजारी तू होतीस. तू उठलीस आणि म्हणालीस, "डिझाइन माझं होतं, सर. चूक माझी आहे." युवराजनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिवानंदनं माझ्या खडूच्या रेघा स्वतः बघितल्या होत्या, तोही काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल, घरचं प्रकरण आहे. सगळे मी बोलण्याची वाट बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी चहा प्यायलो. बशी वाजू नये म्हणून कप दोन्ही हातांनी धरला आणि संपवला.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. घाबरला, जीभ टाळ्याला चिकटली, असं म्हणता आलं असतं. पण मी कप खाली ठेवला आणि बोललो. "डॉक्टरसाहेब, ती अजून नवीन आहे. शिकेल हळूहळू." हे वाक्य मी मायाक्कालासुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. युवराजनंही सांगितलं नाही, बापाची लाज म्हणून. तू ऐकलंस. पुस्तकातलं पाणी म्हणालो होतो तेव्हा तू हसली होतीस. या वेळी हसली नाहीस. बाहेर आल्यावर तू माझ्या चपला सरळ करून ठेवल्यास, रोज ठेवतेस तशा.

त्यानंतर वीस वाटांची नवी कॉइल केली. तीही तुझ्याच जुन्या रेघांप्रमाणे, फक्त या वेळी खडू माझ्या हातात होता. बसवली त्याच दिवशी थिएटर गार पडलं. बजाबाईचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात म्हणे. आणि डॉक्टरांनी माझा खांदा थोपटून काय म्हणावं? "शेवटी अनुभव तो अनुभव, अण्णा." सुनेनं बिघडवलं आणि सासऱ्यानं सावरलं, अशी गोष्ट तयार झाली. मी ती तयार होऊ दिली. त्या आठवड्यात तू बॅग भरलीस.

तू गेल्यावर घरातला आवाज गेला. मी धीर केला आणि बसवेश डॉक्टरांकडे गेलो. खोटं नाही सांगत, खरंच गेलो. हात जोडून सगळं सांगितलं. रेघा तुझ्या होत्या, मी पुसल्या, तू बजावलं होतंस, मी ऐकलं नाही. डॉक्टर उठून माझ्या शेजारी येऊन बसले. डोळ्यांत माया. म्हणाले, "अण्णा, तुम्ही असंच म्हणणार. घरची लेक आहे. आमच्या आईनं आमच्या बायकोला असं एकदा जरी पाठीशी घातलं असतं ना, तर आमचे सणवार सुखाचे झाले असते!" आणि मोठ्यानं हसले. मी म्हणालो, "साहेब, हे खरंच आहे." ते म्हणाले, "हो हो, खरंच आहे." लहान मुलाला म्हणतात ना, तसं. मग शिवानंदच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी मला चारचौघांपुढं उभं केलं. "सुनेचा दोष स्वतःवर घेणारा सासरा बघायचाय? हे बघा." बायकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. कुणीतरी ताटात आग्रहानं जिलेबी वाढली. मी ती खाल्ली, पूनम. तुझं नाव आणखी खाली गेलं आणि माझं आणखी वर.

घरी येऊन मायाक्काला सगळं सांगितलं. बैठकीतलं ते वाक्यही सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "तुमी बोललात, पर कसं बोललात? हात जोडून बोललात. हात जोडलेल्या म्हाताऱ्याचं कोन खरं धरतंय? दया येती लोकास्नी." मी म्हणालो, मग कसं बोलायचं होतं? ती म्हणाली, "तिची लाज घालवताना कसं बोलला हुता? ताठ बसून, च्या पिऊन. तसंच बोलायचं हुतं की." आणि ताट माझ्यापुढं सरकवून आत निघून गेली. करपलेली भाकरी मलाच वाढली होती.

मागच्या रविवारी वर्कशॉप बंद होतं, मी एकटाच गेलो. हॉस्पिटलमधून काढून आणलेली दहा वाटांची कॉइल ताडपत्रीखाली पडली होती. शेजारी नव्या इमारतीसाठी केलेली वीस वाटांची पहिली कॉइल. बाहेरून जुळ्या बहिणी. मापात तसूभर फरक नाही. दोन्हीच्या दोन्ही तोंडांना गेज लावली आणि टेस्टिंगचा मोठा पंप जोडून दोन्हीतून सारखंच पाणी सोडलं. जन्मात पहिल्यांदा मी कॉइलचा दाब स्वतः मोजला. वीस वाटांच्या गेजचे काटे जवळजवळ सारखेच उभे, आत आणि बाहेर जरासा फरक. दहा वाटांच्या बाहेरचा काटा खाली लोळलेला. मी दोन्हींतल्या फरकांचा भागाकार केला. सात येत नव्हते, सातला थोडे कमी. तू कागद न घेता, उसाच्या गाड्यांवरून सांगितलेला आकडा.

नळ्यांच्या भाऱ्यावर बसून राहिलो. मग एक गोष्ट डोक्यात शिरली ती अजून निघत नाही. एवढ्या वर्षांत मी कितीतरी कॉइल दहा वाटांच्या केल्या आणि त्या चालल्या. त्या माझ्या अंदाजानं चालल्या नव्हत्या. पूर्वी लोक भीतीपोटी मोठे पंप घ्यायचे, गरजेच्या दुप्पट. माझी प्रत्येक चूक कुठल्या तरी गच्चीवरचा पंप मुकाट्यानं ओढत होता, आणि खाली मला शाबासकी मिळत होती. त्यालाच मी अनुभव म्हणत होतो. लहान पंप आला आणि उघडा पडलो. आणि तिथंही शेवटी भार ओढला तूच.

इथवर वाचून तुला वाटेल, मामांनी माफी मागायला पत्र लिहिलं. नाही. माफी मागितली तर तू लगेच देशील, "जाऊ द्या हो मामा" म्हणशील, आणि मी परत सुटेन. मी पत्र लिहिलंय ते बोलावणं म्हणून. येत्या गुरुवारी सकाळी वर्कशॉपमध्ये बसवेश डॉक्टर, शिवानंद, तो चिलरवाला आणि त्या दिवशी हसलेले आपले सगळे गडी यायचेत. नवी कॉइल दाखवतो असं सांगून बोलावलंय. दोन्ही कॉइल टेबलावर असतील, गेज लावलेली. मी हात जोडणार नाही, ताठ उभा राहीन. वीस वाटांच्या कॉइलवर तुझ्या रेघा असतील, त्यावर मी सगळ्यांसमोर माझ्या दहा रेघा मारीन आणि त्या दिवशी म्हणालो तेच म्हणेन, पुस्तकातलं पाणी आणि नळातलं पाणी. तेव्हा तू पुढं ये. ओढणी डोक्यावर घेऊ नकोस. "का" लावून विचारू नकोस. "मामा, तुमचं चुकलंय" असं मागच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हण, पाणी सोडायच्या आधी आकडा सांग, आणि मग युवराज पंप चालू करेल. डॉक्टर माझ्या तोंडावर विश्वास ठेवत नाहीत, काट्यावर ठेवतील. नंतर तुला पॉलिटेक्निकमध्ये जायचं असेल तर मी स्वतः एस.टी.पर्यंत सोडायला येईन. पण तिथं नाव घेऊन जा, टाकून जाऊ नकोस. नवा खडू आणून ठेवलाय. टेबलावरचं फडकं मात्र काढून टाकलंय. माझ्या रेघा तळहातानंच पुस.

तुझाच,
मामा